वस्तीची गाडी हलली नाही

पहाटे साडेपाचला राही गोताड पिशवी काखेला मारून आंबेकोंडच्या पारावर आली, तेव्हा वस्तीची गाडी नेहमीच्या जागी उभी होती. रात्री आठला रत्नागिरीहून यायची, पाराशेजारी मुक्काम करायची आणि सकाळी सहाला परत सुटायची, म्हणून ती वस्तीची गाडी. गावाला एस.टी. ती एवढी एकच. आज मात्र गाडीचे दिवे बंद, इंजिन थंड, आणि कंडक्टर केरू शिगवण पायरीवर बसून निवांत राखुंडीनं दात घासत होता.

"चढू ना?" राहीनं विचारलं.

तोंड भरलेलं होतं, म्हणून त्यानं नुसती मान हलवली. नाही म्हणून.

"म्हंजे काय?"

केरू उठला, पिंपळाच्या बुंध्याशी जाऊन दोन-तीन खळखळून चुळा भरल्या, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. राही पिशवी या काखेतून त्या काखेत करत होती आणि हा माणूस आपला सावकाश.

"गाडी जायची नाय ओ. रात्री बारापासून संप. सगळीकडेच."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"काल गाडीत सांगितलं की! माणसं हसली. मी रोजच कायतरी सांगतो म्हणून..."

हे मात्र खरं होतं. दिवाळीपासून हा सावर्ड्याकडचा पोरगा या गाडीवर आला होता आणि रोज नवी पुडी सोडायचा. पुढच्या आठवड्यापासून गाडीत पंखे बसणार, खिडकीशी बसणाऱ्यानं गाणं म्हणायचं, असलं काहीतरी. लांडगा आला रे आला अशातली गत झाली होती.

"मग कधी जाईल?"

"मिटला की."

"कधी मिटेल?"

"ते मिटवणाऱ्यांना ठाऊक."

राहीच्या पिशवीत दोन साड्या, शाळेचा दाखला आणि एक सरकारी पत्र होतं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात नर्सच्या ट्रेनिंगसाठी मुलाखत. मूळ दाखल्यांसह हजर राहावे, न राहिल्यास नाव रद्द समजावे. आज गुरुवार. आजची गाडी धरायची, रात्री मावशीकडे राहायचं आणि उद्या वेणीफणी करून वेळेवर जायचं, असा साधा बेत होता. गेल्या वर्षी तिला बोलावणं आलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षी वय उलटणार होतं. जे काय व्हायचं ते या शुक्रवारीच.

त्यातून संप! गोताडांच्या घरात हा शब्द कुणी मोठ्यानं काढत नसे. थोरला भाऊ रघू मुंबईला गिरणीत होता. गिरण्यांचा संप झाला, महिन्यांमागून महिने गेले, शेवटी रघू ट्रंक घेऊन गावी आला तो आलाच. त्यालाही आता चार वर्षं होत आली. वडिलांची, आप्पांची, भातशेती बेताची, काजूची झाडं मोजून दहा आणि खाणारी तोंडं सहा. घरात पगार यायचा तर तो राहीचाच येईल, हे न बोलता सगळ्यांना कळलेलं होतं.

"तुमचा संप तुमच्यापाशी," ती म्हणाली. "मला उद्या अकराला दवाखान्यात पोचायचंय. गाडी काढा."

"मी कंडक्टर. मला चालवता येत नाय."

"मग ड्रायव्हरला उठवा."

ड्रायव्हर भागोजीमामा मागच्या लांब सीटवर घोंगडी पांघरून झोपले होते. निदान तसं दाखवत तरी होते. घोंगडीच्या आतून आवाज आला, "बाय, मी पण संपावर हाय. झोपेत पण."

केरूला हसू आलं. ते त्यानं दाबलं खरं, पण राहीनं पाहायचं ते पाहिलं. ती तरातरा घरी निघून गेली.

आंबेकोंडचा एक रिवाज होता. वस्तीच्या गाडीवरच्या दोघांना गावानं जेवू घालायचं, घरपरत पाळीनं. आज कुणाकडे, उद्या कुणाकडे, हे वाडीतल्या बायकांना तोंडपाठ असे. गुरुवारची पाळी नेमकी गोताडांची. एरवी फक्त रात्रीचं जेवण पाठवावं लागे, पण गाडी गावातच अडकली म्हटल्यावर दुपारचंही आलं. राहीनं कुळथाची पिठी केली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि टोपली घेऊन स्वतः पारावर गेली. आई म्हणाली, दे मी जाते. पण राहीनं टोपली काही सोडली नाही.

सकाळपासून गावातली पाच-सहा माणसं येऊन गाडी हलवा म्हणून सांगून गेली होती. कुणी गोडीत, कुणी तावातावानं. मामा आणि केरू मूग गिळून बसले होते. पानं वाढल्यावर मामांनी पहिला घास घेतला आणि केरूकडे पाहिलं. केरूनं घास घेतला आणि राहीकडे पाहिलं. राही पिंपळाच्या शेंड्याकडे बघत उभी होती.

"बाय, मीठ..." मामा चाचरले.

"मीठ संपावर गेलंय," राही म्हणाली. "मिटला की घालीन."

मामांना ठसका लागला. केरूनं मात्र गंभीरपणे आणखी एक घास घेतला.

"मागण्या काय त्याच्या?"

"कुणाच्या?"

"मिठाच्या. मागण्या कळल्या तर बोलणी तरी करता येतील."

"एकच मागणी. गाडी हलवा."

"ती सोडून बोला," केरू म्हणाला, आणि ते म्हणताना त्याच्या आवाजातली थट्टा गेली. "मामांना रिटायर व्हायला दोन महिने ऱ्हायलेत, तरी मामा संपावर हायत. का? तर आमची पोरं ड्युटीवर उभी राहून राहून म्हातारी होतात, ती रिटायर झाल्यावर तरी नीट जगावीत म्हणून. मग मी त्यांना काय तोंडानं सांगू, की एका बाईसाठी गाडी काढा?"

"एका बाईसाठी नको सांगू," मामा म्हणाले, "पण पिठी संपव मुकाट."

केरूनं पिठी संपवली. भाकरीनं ताट पुसून घेतलं. त्या अळणी पिठीचा एक थेंब ताटात ठेवला नाही. राहीला वाटलं होतं, तोंड वाकडं करेल, निदान लोणचं तरी मागेल. तिला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

हात धुता धुता तो म्हणाला, "गाडी हलायची नाय. पण रस्ता कुठं संपावर हाय? फाटा इथनं दोन टप्पे. पहाटे निघालं तर आठ-साडेआठला पोचू. फाट्यावर टेम्पो नायतर ट्रक मिळतोच."

एस.टी.ची माणसं किलोमीटर मोजत नाहीत, टप्पे मोजतात. एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. बारा किलोमीटरांना राही काही घाबरणार नव्हती. तिला अडलं ते भलत्याच शब्दावर.

"पोचू? तुम्ही कशाला?"

"मला पण जायचंच हाय. डेपोत सभा हाय."

"कसली सभा?" मामांनी विचारलं.

"हाय एक सभा, मामा."

मामांनी उरलेल्या भाकरीकडे लक्ष घातलं.

संध्याकाळी घरात ही गोष्ट निघाली. एकटीनं जायचं नाही, हे आप्पांचं ठाम. त्यांचे गुडघे धरलेले, आणि रघूच्या तळपायाला कुरूप झालेलं, अंगणातून परसात जाताना कण्हायचा. शेवटी भागोजीमामा स्वतः येऊन पोराची हमी देऊन गेले. आप्पांनी घटकाभर सुपारी कातरली आणि निकाल दिला, "रोज पन्नास माणसं घेऊन जातो, एवढी एक नेईल."

रघू ओटीवर राहीजवळ येऊन बसला. "तू त्यांना गाडी हलवा म्हणून सांगितलंस? परत सांगू नको."

"का? तुला रे काय दिलं तुझ्या संपानं?"

"काय नाय दिलं," रघू म्हणाला. "पण आमच्यातले जे मधेच मान खाली घालून गेटातनं आत गेले ना, ते गावात भेटले की अजून रस्ता बदलतात. मी हाक मारली तरी. ह्या पोराला तसं करायला लावू नको."

चार वर्षांत रघू संपाबद्दल एवढं पहिल्यांदाच बोलला होता. राही चुलीकडे गेली. रात्रीच्या जेवणात मीठ बरोबर होतं.

शुक्रवारी पहाटे दोघं निघाले. माघाचे दिवस, कातळावर धुकं बसलेलं, आणि आंब्याच्या बागांजवळून जाताना मोहोराचा वास नाकात शिरायचा. पहिला अर्धा तास केरू पुढे, राही दहा पावलं मागे. मग अंतर आपोआप कमी झालं. कसं ते दोघांनीही विचारलं नाही.

एका ठिकाणी रस्त्याला दोन वाटा फुटल्या. केरू थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, डोकं खाजवलं.

"काय झालं?"

"कुठली ओ ह्यातली?"

राहीला खरंच वाटेना. "रोज दोन वेळा येता-जाता ना ह्या रस्त्यानं?"

"येतो. पण तोंड कुठं असतं माझं? मागं! माणसांकडे. पुढचा रस्ता मामा बघतात."

आणि मग त्यानं काय करावं? सरळ गर्रकन फिरला, पाठ पुढे केली आणि चार पावलं उलटा चालला. "हां! ही! इथं मथुराबाय टोपली घेऊन उतरते आणि उतरताना मला एक शिवी देते. ओळखली!"

राही पदर तोंडाला लावून हसत सुटली. पुढे तासभर हाच खेळ चालला. त्याला झाडं ठाऊक नव्हती, वळणं ठाऊक नव्हती, पण कुठे कोण चढतं, कोण पिशवी विसरतं, कुणाला गाडी लागते, ते सगळं पाठ. रस्ता म्हणजे त्याच्या लेखी माणसंच.

"आणि मी कुठं बसते?" राहीनं विचारलं. विचारलं आणि जीभ चावली.

"डाव्या हाताला तिसरी सीट, खिडकीकडे," तो पटकन म्हणाला. "ती खिडकी अडकते. तुम्ही आधी हातानं ओढता, मग इकडेतिकडे बघता, आणि कुणी बघत नाय असं वाटलं की कोपरानं ठोसा मारता."

"कुणी बघत नसतंच!"

"हां... नसतंच."

राहीचे कान तापले. मागून ऊन येत होतं, म्हणून असेल असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. ती महिन्यातून फार तर दोनदा या गाडीनं जायची. तेवढ्यात या माणसानं कोपरापर्यंतचा हिशेब ठेवला होता.

"ती खिडकी दुरुस्त का नाय करून घेतली मग?"

"घेणार होतो," केरू म्हणाला. "मग म्हटलं... ऱ्हाऊ दे."

पुढे चढ लागला. हा माणूस आपल्याला आवडला आहे, हे तिला त्या चढावर स्वच्छ कळलं. वाईट एवढंच वाटलं, की कळायला ही वेळ सापडली. घड्याळात साडेसात वाजले होते, आणि अकराच्या आत तिला दुसऱ्याच कामाला उभं राहायचं होतं.

फाट्यावर पोचले तेव्हा साडेआठ. संपामुळे तिथे जत्रा भरलेली. येणाऱ्या प्रत्येक ट्रकला माणसं मुंग्यांसारखी लागत होती. दोन ट्रक गेले, यांचा पायही लागला नाही. नऊ वाजून गेले, आणि राहीचं अवसान गळायला लागलं. एवढं चालून आलो, ते काय फाटा बघायला?

इतक्यात जमालचा टेम्पो आला. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा जमाल पहाटे लांज्याच्या बाजाराला मासळी पोचवायचा आणि रिकामी खोकी घेऊन परत जायचा. फाट्यावर चहाला थांबायचा, म्हणून केरूची ओळख. टेम्पोच्या मागच्या हौद्यात खोक्यांवर आधीच माणसं चढली होती. पुढे ड्रायव्हरशेजारी एक जागा तेवढी होती.

"जमालभाय, ह्या बायना अकराच्या आत सरकारी दवाखान्यात पोचवायचंय. मी मागं लटकतो."

"बसवा बसवा," जमाल म्हणाला. "वासाचं तेवढं सांभाळून घ्या म्हणावं. बांगडा होता आज."

राही चढून बसली. केरूनं दार लावलं. मग मागे जायचं सोडून तो खिडकीशीच उभा राहिला.

"राही..."

"काय?"

"नाय, म्हंजे... मुलाखतीला जाताय, तर आत्ता बोलू नये. पण परत गाडी सुरू झाली की तुम्ही खिडकीशी, मी गर्दीत... मग काय बोलायला मिळायचं नाय. तर मला तुम्हाला असं विचारायचं होतं, की..."

शब्द अडला. आणि शब्द अडला की कंडक्टरचा हात स्वस्थ राहत नाही. केरूनं टेम्पोच्या पत्र्यावर बोटांनी टकटक केलं. दोनदा.

डबल! कंडक्टरची डबल म्हणजे गाडी सोडा. कोकणातल्या शेंबड्या पोराला हे कळतं, मग जमालला का कळणार नाही? त्यानं गिअर टाकला आणि टेम्पो सुटला.

"अहो... अहो, थांबा!" केरू दहा-पंधरा पावलं धावला. राहीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. धुरळ्यात तो हात वर करून उभा राहिलेला दिसला, तोंड उघडंच.

"तो मागं ऱ्हायला की!" ती जमालला म्हणाली.

"ऱ्हायला? त्यानंच तर डबल दिली!" जमालनं आरशात पाहिलं. "थांबवू म्हणता? थांबवतो. पण बॅटरी उतरलीय बाय, बंद पडली तर सगळ्यांनी उतरून धक्का मारायला लागंल. तुमची वेळ तुम्ही बघा."

राहीच्या ओठांवर शब्द आला होता. तिनं घड्याळ पाहिलं, मांडीवरची पिशवी पाहिली. घरी आप्पा डोळे लावून बसले असतील. तिनं ओठ मिटले. स्वार्थी म्हणा हवं तर. पण रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते काही बांगड्याच्या वासानं नाही.

दवाखान्याच्या दारात जमालनं तिला सोडलं तेव्हा सव्वादहा झाले होते. नळावर तोंड धुतलं, पदराची घडी सारखी केली. वासाचं काही करता आलं नाही. मुलाखत बारानंतर झाली आणि यादी लागायला तीन वाजले.

यादी वाचून, कागदांवर सह्या करून ती बाहेर आली, तर फाटकाजवळच्या कट्ट्यावर केरू बसला होता. एका चपलेचा अंगठा तुटलेला, ती हातात. पॅण्ट ढोपरापर्यंत लाल धुळीनं माखलेली. पुढचे तीन टप्पे तो चालत आला होता. तिकडे संप काही मिटला नव्हता. तो पुढेही आठवडाभर चालला, आणि आंबेकोंडची गाडी तोवर पारावरून हलली नाही.

"झालं?" केरूनं उठत विचारलं.

"झालं. सोमवारपासून हजर व्हायचंय."

त्याचा चेहरा एवढा खुलला, की जणू नोकरी त्यालाच लागली. राही त्याच्याशेजारी कट्ट्यावर बसली. हातभर अंतर सोडून.

"मला टेम्पो थांबवता आला असता," ती म्हणाली. "नाय थांबवला मी."

"थांबवला असतात तर मी रागावलो असतो."

"सभा कधी हाय तुमची?"

केरूनं चपलेकडे पाहिलं. "सभा... नाय तशी काय."

"ते मामांना कालच कळलं होतं." राही हसली. मग हसणं थांबवून सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "आत मेट्रनबाईंनी विचारलं, लग्न ठरलंय का? ट्रेनिंग दीड वर्षाचं. तेवढ्यात लग्न करायचं नाय, तसं लिहून द्यायला लागतं."

केरूच्या चेहऱ्यावरचा आनंद जागच्या जागी राहिला, पण डोळे खाली गेले. "मग? काय सांगितलंत?"

"खोटं कशाला बोलू? म्हटलं, ठरलं नाय. माणूस पसंत हाय मला. पण तो विचारता विचारता फाट्यावर ऱ्हायला."

केरूच्या हातातली चप्पल खाली पडली. पलीकडे रोग्यांचे नातेवाईक डबे उघडून जेवत होते. त्यातल्या एका म्हातारीनं घास हातात धरून यांच्याकडेच कान लावले होते.

"मेट्रनबाय काय म्हणाल्या?"

"हसल्या. मग कागद पुढं केला. मी सही केली."

"दीड वर्षाची? मला न विचारता?"

"तुम्ही तरी मला कुठं विचारलं होतं?"

हे खरंच होतं. केरूनं पंच्यानं तोंड पुसलं, तिच्याकडे वळला, आणि कालपासून तुम्ही-तुम्ही करणारा तो माणूस पहिल्यांदा एकेरीवर आला.

"राही, माझ्याशी लगीन करशील?"

"करीन," राही म्हणाली. "पण आधी नर्स होईन."